ताण आणि ताणून देणे

प्रतापगडावर जाऊन आलो असं सांगितलं की पुण्याकडचा माणूस लगेच जावळीच्या खोऱ्यात शिरतो. त्याला अडवून सांगावं लागतं की बाबा, तो साताऱ्याचा. हिंदी मुलुखातला कुणी भेटला तर त्याला आवळे आठवतात. तो उत्तर प्रदेशातला. आमचा प्रतापगड तिसरा. जिल्हा गोंदिया, तालुका अर्जुनी मोरगाव. तालुक्याच्या नावातच दोन गावं आहेत आणि सरकारी कागदावर त्या दोघांच्या मध्ये एक तिरपी रेघ असते, त्यामुळे बाहेरचा कारकून विचारतो, "यातलं नको ते खोडू का?" गोठणगावच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या अंगाला, जंगलात हा डोंगर आहे. जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत, महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत दोन्हीकडची गर्दी एकाच धुळीतून चालते आणि एकाच हॉटेलात भजी खाते.

आमच्या गडावर खान आला नव्हता. गेल्या वर्षीच्या शिवरात्रीला कोथळा निघाला तो माझा.

चढताना दम लागला, ते समजण्यासारखं होतं. वय अठ्ठावन्न, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकताच निवृत्त, पोट सेवाज्येष्ठतेनुसार वाढलेलं. पण वर पोचलो, दर्शन झालं, आता उतरायचं म्हणजे काय, घसरगुंडीच, असं वाटलं. उतरलोही टेचात. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचाला बसलो आणि मग उठेचना. मांड्यांनी राजीनामा दिला होता. आतून बायकोला हाक मारावी की दिवसभर इथेच बसावं, यावर मी बराच वेळ विचार केला, कारण तिथे दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

माझा भाचा तालुक्याच्या गावी जिममध्ये शिकवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "चढताना स्नायू आखडत काम करते जी मामा. उतरताना तोच स्नायू लांब होत होत वजन तोलते, ब्रेकवानी. ब्रेक घासले तुमचे." हे खरं आहे. लांबत जाताना भार पेलणाऱ्या स्नायूत बारीक बारीक इजा होते, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त ठणकते. लोक त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतात. ते बिचारं तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं. नाव मात्र त्याचंच राहतं.

तेवढ्यावर भाचा थांबला नाही. पुढच्या शिवरात्रीपर्यंत मला तयार करायचं त्याने मनावर घेतलं. त्याच्या विद्येचं नाव 'स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग'. मी म्हटलं, मराठीत सांग. तो म्हणाला, "तालीम, पण चार्ट लावून." आणि त्याने माझ्या मनगटाला एक घड्याळ बांधलं.

या घड्याळात वेळ दिसते, पण ती बघायला कुणी ते घेत नाही. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो आणि कातडीखालून जाणाऱ्या रक्ताची प्रत्येक लाट मोजतो. मला वाटायचं निरोगी हृदय भिंतीवरच्या घड्याळासारखं टिक टिक चालतं. तसं नसतं. श्वास आत घेताना ठोके किंचित भराभर पडतात, सोडताना सैलावतात. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर असं सतत थोडं कमी-जास्त होतं, आणि माणूस धास्तावला की ठोके शिस्तीत, सारख्या अंतरावर पडू लागतात. शाळेतही तेच असतं. पोरं गलबला करत असली तर सगळं ठीक. वर्ग चिडीचूप झाला की समजावं, साहेब आले. घड्याळ ही शिस्त मोजतं आणि तिला ताण म्हणतं. शून्य ते शंभर. पहिल्या संध्याकाळी मी नुसता ओसरीवर बसलो होतो, तर मनगट थरथरलं. 'ताण ७८. श्वास घ्या.' म्हणजे तोवर मी कशावर जगत होतो?

आता या ताणाची आतली यंत्रणा मला भाच्याने दिलेल्या व्हिडिओतून कळली नाही, पण तहसीलीत घालवलेल्या दिवसांमुळे पटकन कळली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचं जिल्हाधिकारी कार्यालय आहे. संकटाची चाहूल लागली की तिथून एक पत्र निघतं, ते पिट्युटरी नावाच्या तहसीलीत येतं, तिथून दुसरं पत्र रक्तात पडतं आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या सज्जावर पोचतं. मग कॉर्टिसॉल सुटतं. ते कोठार उघडतं, रक्तात साखर सोडतं, बाकीची कामं पुढे ढकलतं. या सगळ्या टपालाला मिनिटं लागतात. तातडीसाठी निराळी फोनलाइन आहे: मज्जातंतूवरून थेट निरोप जातो आणि काही सेकंदांत ॲड्रिनलिन अंगभर पसरतं. हे ॲड्रिनलिन १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. आणि कॉर्टिसॉल पुरेसं झालं की त्याची खबर वर जाते नि वरचं कार्यालय पत्रं काढणं बंद करतं. एवढा एक भाग सोडला तर सगळा कारभार ओळखीचा आहे.

हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९१५ साली या फोनलाइनवर अख्खं पुस्तक लिहिलं. लढा किंवा पळा, असं त्याचं सार. आमच्याकडे त्यात तिसरा पर्याय आहे: झाडावर चढा. नवेगाव बांधच्या जंगलात अस्वलं भरपूर, आणि मोहफुलं वेचायला माणूस ज्या अंधारात निघतो त्याच अंधारात अस्वलही निघतं. आमच्या शेजारचे एक काका, साठी ओलांडलेले, मोहाखाली वाकून फुलं वेचत होते. पलीकडून कुणीतरी वेचतंय असं त्यांना वाटलं. "कोन व्हय?" म्हणून विचारलं तर उत्तर केसाळ आलं. काका दुसऱ्या क्षणी झाडावर. अस्वलालाही झाडावर चढता येतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण ॲड्रिनलिन सामान्यज्ञानाचा पेपर घेत नाही. अस्वल आपल्या वाटेनं निघून गेलं. काका चढले कसे हे त्यांनाही सांगता येईना, आणि उतरवायला गावातून शिडी न्यावी लागली. गंमत पुढे आहे. घरी येऊन काकांनी ताटभर भात खाल्ला आणि दुपारी चारपर्यंत ताणून दिली.

मी अडकलो तो या शब्दावर. ताण येणे आणि ताणून देणे. मराठीनं रोग आणि औषध एकाच धातूत भरून ठेवलंय. हान्स सेल्येला ही सोय नव्हती. १९३६ साली त्याने उंदरांना थंडी, इजा, अति श्रम असा नाना प्रकारे त्रास दिला आणि पाहिलं की त्रास कोणताही असो, शरीराचा आक्रोश साधारण एकच: आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि त्रास संपलाच नाही तर दिवाळं. 'नेचर' नियतकालिकात हे पानभरात छापून आलं. पुढे त्यासाठी 'स्ट्रेस' हा शब्द रुळला आणि सेल्येला वाटत राहिलं की आपलं इंग्रजी बरं असतं तर 'स्ट्रेन' म्हटलं असतं. आमच्यात आला असता तर 'ताण' म्हणून मोकळा झाला असता आणि दुपारी ताणूनही दिली असती.

तर भाच्याने पहिले तीन आठवडे मला पळवलं. शाळेच्या मैदानावर पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरंपोरी येतात. थंडीत तोंडातून वाफा, अंगावर कुठल्याशा निवडणुकीतल्या टोप्या आणि टी-शर्ट, एका पोराच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी परीक्षेचे ५० गुण. एक पोरगा पायात मोजे घालून नुसताच पळत होता, बूट बाजूला जपून ठेवलेले. विचारलं तर म्हणाला, "बूट भरतीच्या दिवशीसाठी हायत सर." या पोरांच्या मागे मी. तीस सेकंद जीव तोडून पळायचं, मिनिटभर चालायचं, असं आठ वेळा. याला 'हिट' म्हणतात. मराठीत सांगायचं तर आधी दम लागेपर्यंत पळायचं, मग दम खायचा, दम खाऊन व्हायच्या आत भाचा दम देतो, आणि प्रेक्षक म्हणतात, दम नाही गुरुजींत.

२२० वजा वय म्हणजे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके, असा एक हिशेब आहे. माझे आले १६२. सहाव्या फेरीला घड्याळ म्हणालं १६९. नियमाप्रमाणे मी बाद झालो होतो. हा आकडा सरासरीचा असतो, दहा-बारा इकडेतिकडे चालतात, हे भाच्याने मला मैदानावर आडवं पडलेलं असताना समजावलं. मजा म्हणजे दिवसभर मी टवटवीत असायचो आणि रात्री बारा वाजेपर्यंत छताचे वासे मोजायचो. सकाळी उठताना नाडी अडुसष्ट असायची ती तिसऱ्या आठवड्यात सत्त्याहत्तर झाली. बायकोशी बोलताना माझा आवाज मुख्याध्यापकासारखा येऊ लागला, आणि मी तर कधी मुख्याध्यापक नव्हतो.

याचा उलगडा अमेरिकेत केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या अभ्यासात आहे. बारा तरुणांना वेगवेगळ्या दिवशी अर्धा अर्धा तास व्यायाम करायला लावला: एकदा त्यांच्या कुवतीच्या ४० टक्के, एकदा ६०, एकदा ८०. साठ आणि ऐंशीला कॉर्टिसॉल चढलं, ऐंशीला तर भलतंच. चाळीसला मात्र उलटं, ते थोडं उतरलं. म्हणजे व्यायामाने ताण जातो असं म्हणणारा आणि व्यायामाने ताण येतो असं म्हणणारा, दोघेही खरे. एक चालतोय, एक पळतोय. आणि चढलेलं कॉर्टिसॉल काही विष नव्हे. रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप चढतं, नाहीतर अंथरुणातून उठवलं कुणी असतं? चढावं, काम करावं, उतरावं. मी त्याला उतरू देत नव्हतो. आठवड्यातून दोनदा करायचं ते सहा वेळा करत होतो, कारण भाच्याचा चार्ट पोलीस शिपायासाठी छापलेला होता आणि त्याने वरचं नाव तेवढं खोडलं होतं.

मग मला मैदानातून जिममध्ये हलवलं. इथे एक गोष्ट कबूल करून टाकतो. आमच्या पिढीची व्यायामाशी ओळख शिक्षा म्हणूनच झाली. गृहपाठ नाही, काढ पंचवीस उठाबशा. पुढे मी मास्तर झालो आणि तीस वर्षं ही परंपरा इमानाने चालवली. हा भाचा माझ्याच वर्गात होता; सतराचा पाढा त्याला शेवटपर्यंत आला नाही. आता तो माझ्यासमोर हाताची घडी घालून उभा राहतो आणि म्हणतो, "खाली बसा... उठा... अजून आठ." महिन्याला पाचशे रुपये देऊन मी उठाबशा काढतो. त्याला 'स्क्वॉट' म्हणतात. एकदा चुकून माझा हात सवयीनं कानाकडे गेला.

जिममध्ये एक कोडं दिसलं. कोपऱ्यात एक पैलवान गडी प्रचंड वजन उचलायचा, पाचच वेळा, आणि मग तीन मिनिटं बाकावर बसून मोबाइल बघायचा. मी मात्र हलकं वजन दहा-दहा वेळा, मध्ये जेमतेम मिनिटभर उसंत. जास्त कष्ट कुणाचे? मला वाटलं त्याचे. पण जोरजोरात उलटी माझी व्हायची. विल्यम क्रेमर या अमेरिकी संशोधकाने १९९०च्या आसपास नेमकं हेच तपासलं होतं. जड वजन, थोड्या आवृत्त्या, मोठी विश्रांती, यात शरीराची फारशी आरडाओरड होत नाही. मध्यम वजन, दहा आवृत्त्या, मिनिटभर विश्रांती, यात रक्तातलं लॅक्टेट आणि कॉर्टिसॉल दोन्ही जास्त उसळतात. म्हणजे शरीराला ओझ्यापेक्षा उसंत न मिळण्याचा राग जास्त येतो. हे मला कुणी शाळेत असताना सांगितलं असतं तर तासिकांचं वेळापत्रक मी वेगळं लावलं असतं.

पैलवानाचाही एक घोटाळा होता. तो श्वास कोंडून उचलायचा. चेहरा बिटासारखा लाल. १९८५ साली कॅनडात काही शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून वजन उचलताना रक्तदाब मोजला, तेव्हा पायांनी भार ढकलताना तो सरासरी ३२० वर २५० निघाला. एका पठ्ठ्याचा तर ४८० वर ३५०. आमच्या आरोग्य केंद्रात १५० आला तरी सिस्टरबाई खुर्ची आणून देतात. तो दाब क्षणभराचाच असतो आणि तरण्या रक्तवाहिन्या तो सोसतात, पण माझ्या वयाला भाच्याने एकच मंत्र दिला: उचलताना फुंकर मारा. तेव्हापासून मी वजन उचलतो तेव्हा चहा निवतोय असं वाटतं.

हे सगळं चालू असताना इटियाडोहचं पाणी सुटलं आणि उन्हाळी धानाची रोवणी लागली. आमची दीड एकर आहे. सकाळी जिमहून परतताना मी बांधीच्या धुऱ्यावर उभा राहिलो. आठ-दहा बाया ओळीत वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जातात आणि रोप उभं करून बाहेर येतात, पाय मागे सरकतात, तोंड अखंड चालू. पायांची पिंढरी चिखलाने राखाडी, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. माझा घाम बघून एकीने विचारलं, "कोटून आले जी गुरुजी?" सांगितलं. दुसरीला ते पटेचना. "बसा-उठा कराले पैशे देता म्हंता? या ना आमच्या बांधीत. आमी देतो तुमाले पैशे."

आता अब्रूचा प्रश्न होता. पॅन्ट वर केली आणि उतरलो. दहा मिनिटांत कंबर म्हणाली, मी चालले. घड्याळ गोंधळलं, हात पाण्यात, कंबर वाकलेली, अंग मागे सरकतंय. त्याने बराच विचार करून विचारलं, 'रोइंग करत आहात का?' मी 'हो' दाबलं. रोवणीच्या इतकं जवळचं नाव त्याला दुसरं सापडलं नसतं.

डॉक्टर सांगतात, चालताना गप्पा मारता आल्या पण गाता आलं नाही तर व्यायाम बेताचा आहे. या बाया सहा-सात तास वाकून गप्पाही मारतात, गातातही. त्यांच्या हृदयाला रोजचा हा प्रसाद चांगलाच मानवत असेल, असं मी भाच्याला ऐटीत म्हटलं. तो एकदम गंभीर झाला. डेन्मार्कच्या आंद्रेयास होल्टरमान यांनी यावर बरंच काम केलंय म्हणे. हौसेनं केलेल्या हालचालीने हृदय सुधारतं, पण पोटासाठी दिवसभर केलेल्या श्रमाने ते तसं सुधारताना दिसत नाही, कधी उलट भारच पडतो. कारणं सरळ आहेत. हौशी माणूस तासभर करतो आणि थांबतो. मजुराला थांबायची परवानगी नसते. आठ तास नाडी वर राहते, रात्री घरी चूल असते, सकाळी परत ओळ. वेग ठरवणारा दुसराच कुणी. उठाबशी तीच, शिक्षा म्हणून काढली तर एक, पाचशे रुपये भरून काढली तर दुसरी, आणि मजुरीने काढली तर तिसरी. बाईने मला पैसे देऊ केले त्याचं हसू नंतर जरा कमी आलं.

घड्याळाचा उच्चांक मात्र मी मैदानावर केला नाही, जिममध्येही नाही. तो केला खुर्चीत बसून. धानविक्रीची नोंदणी ऑनलाइन करायची होती. सातबारा चढवला, फोटो चढवला, ओटीपी आला, तो भरेपर्यंत त्याची मुदत संपली, दुसरा आला, तो पहिल्याचा होता, आणि मग चाक फिरत राहिलं. दोन तास मी बोटांशिवाय काही हलवलं नाही. नाडी १०४. ताण ९६. घड्याळाने अभिनंदन केल्यासारखं थरथरून विचारलं, 'व्यायाम सुरू केला का?' अस्वल परवडलं. अस्वल येतं आणि जातं. त्याच्यानंतर भात खाऊन झोपता येतं. हे चाक रात्री दोन वाजताही डोळ्यांपुढे फिरत होतं. साखर कोठारातून काढलेली, पळायला कुठे जागा नाही, झाड नाही. अशा वेळी भाचा काय म्हणाला असता ते ठाऊक असल्यामुळे उठलो आणि अंगणात वीस उठाबशा काढल्या. कुत्रं भुंकलं. पण झोप लागली.

उसंतीचं प्रात्यक्षिक मला गोठणगावजवळ नोर्ग्येलिंगला मिळालं. तिथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. एक म्हातारबाबा हातात माळ घेऊन मंदिराला फेऱ्या मारत होते, ओठ हलत होते, चाल अशी की मुंगीने ओलांडून जावं. मी त्यांच्या मागे दोन फेऱ्या मारून बसलो. ताण ७० वरून ३१. मला वाटलं घड्याळ बिघडलं. पण हे मोजून झालेलं आहे. २००१ साली इटलीच्या लुचियानो बेर्नार्दी यांनी लोकांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि मग बाबा पुटपुटत होते त्याच जातीचा, तिबेटी 'मणिपद्मे'चा मंत्र. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि त्या लयीत हृदयाच्या ठोक्यांचा गलबला छान वाढला. म्हणजे निरोगी गलबला, पोरांचा. देव कोणताही असो, मिनिटाला सहा श्वासांवर त्याचं भागतं असं दिसतं. आमच्या गडाखाली हे लोकांनी केव्हाच ओळखलं असावं.

शेवटच्या महिन्यात भाच्याने चार्ट फाडला. आठवड्यातून दोन दिवस जिम, एकच दिवस पळणं, बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकंच चालणं. आणि गडावर दोन वेळा नेऊन मला मुद्दाम हळूहळू उतरवलं, कारण एकदा उतरणीचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच माराला तितका कण्हत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेतल्या एका मोठ्या धोंड्यापाशी नाडी १५२ होती. दुसऱ्यांदा त्याच धोंड्यापाशी १२९. धोंडा तोच, डोंगर तोच. वरच्या कार्यालयाने हे प्रकरण नेहमीचं म्हणून पत्र काढायचं सोडून दिलं होतं.

महाशिवरात्रीला निघायच्या वेळी बायको म्हणाली, "पाहू कां जी, मले बांधा ते." मी उदारपणे बांधलं. तिने ना मैदान पाहिलं होतं ना जिम. पहाटे चारला उठून अंगण सारवलेलं, पाणी भरलेलं, उपासाचं सगळं रांधलेलं, डबे बांधलेले. घड्याळ हातात पडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्याने फटाके उडवले: आजचं उद्दिष्ट पूर्ण. सकाळचे सव्वासात वाजले होते. डबे मोटारसायकलला लटकवण्यापलीकडे तिने त्या दहा मिनिटांत काय केलं, ते मला आठवत नाही. मी बूट शोधत होतो.

गर्दी होती. त्रिशूळ घेतलेली पोरं, डोक्यावर लेकरू घेतलेला बाप, हिरवी चादर सांभाळत चाललेलं एक कुटुंब, उसाच्या रसाच्या घुंगरांचा आवाज. मी फुंकर मारत, मोजत, शास्त्रशुद्ध चढत होतो. ती पुढे. कुणाशी तरी धानाच्या भावाबद्दल बोलत, मध्येच मागे वळून मी आहे ना ते बघत. धोंड्यापाशी मी तिचं मनगट पकडून पाहिलं. ११८.

वर दर्शन झालं आणि आम्ही एका कडेला सावलीत बसलो. चालताना हे घड्याळ ताण सांगतच नाही, बसल्यावर सांगतं. खाली जंगल, जंगलापलीकडे पाणी चमकत होतं. ती काही बोलली नाही. पदराने वारा घेत नुसती बघत राहिली. मी आकडा बघत होतो. ५४. दहा मिनिटांनी ४१. अर्ध्या तासाने २३. तेवीस मी दोन महिन्यांत एकदाही पाहिला नव्हता, झोपेतही नाही. घरी तिला असं अर्धा तास बसलेलं कधी पाहिलं होतं तेही आठवेना.

मलाही बरं वाटत होतं. मांड्या शाबूत, श्वास ठिकाणावर. वाऱ्याची झुळूक आली आणि सहज माझ्या तोंडून निघून गेलं, "कां गं, चहाचा थर्मास आणला नाहीस का?"

तिच्या मनगटावर घड्याळ थरथरलं. तिने ते माझ्याकडे वळवलं. वाचता येत होतं.

'ताण ७१. श्वास घ्या.'